दोन लाल, दोन पांढरे

मित्रांनो, मी जुनी आहे, हे कबूल. माझी एक बिजागरी तुटली आहे आणि झाकण दोरीने बांधावे लागते. पण मोडीत निघायला मी तयार नव्हते आणि आजही नाही. मी शाळेच्या प्रयोगशाळेतली रेणूंची पेटी.

खुर्च्यांचे पाय करून उरलेल्या लाकडातून माझे गोळे घडले. कार्बनचे काळे, ऑक्सिजनचे लाल, हायड्रोजनचे पांढरे. घडवणारा सुतार रसायनशास्त्राच्या बाईंचा थोरला भाऊ. तो म्हणाला, "अगं, सगळ्यांनाच चार-चार भोकं पाडतो. जास्त असलेली बरी, अडीअडचणीला उपयोगी पडतील."

"दादा, तुझा उदारपणा खुर्च्यांवर दाखव," बाई म्हणाल्या. "काळ्याला चार, लालला दोन, पांढऱ्याला एक. लालला तिसरं पाडलंस तर माझी पोरं जन्मभर खोटं लिहितील."

बाईंचा दंडक कडक होता. आधी काड्या खोचून रेणू जोडायचा. एकही भोक उघडे ठेवायचे नाही. मग गोळे मोजून सूत्र लिहायचे आणि नाव अगदी शेवटी. "नाव ठेवायचं ते मूल झाल्यावर," त्या म्हणत. काळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन काड्यांनी लाल बसला की वर्ग म्हणायचा, कार्बन डायऑक्साइड. कुणी 'डाय' गाळला की बाई विचारत, "दुसरा लाल तुझ्या खिशात गेला का रे?" एकदा एक पांढरा खरोखरच कुणाच्या तरी खिशात गेला. दादांनी नवा करून दिला, तो जरा मोठाच झाला. मुले त्याला 'जाड्या' म्हणू लागली.

बाई निवृत्त झाल्या. भिंतीवर पडदा आला, त्यावर रंगीत रेणू फिरू लागले. मी कपाटावर धूळ खात पडले. मग एके दिवशी मुख्याध्यापक वर बघून म्हणाले, "हे खोकं कशाला ठेवलंय? भंगारात द्या." शिपाईमामांनी मला उतरवून दाराशी पोत्याजवळ ठेवले.

आत नव्या सरांचा रसायनशास्त्राचा तास चालू होता. 'घाई' म्हणून ओळखली जाणारी मुलगी फळ्याजवळ उभी होती. हायड्रोजन पेरॉक्साइडचे सूत्र H₂O₂ असताना तिने दोनाने भाग देऊन HO केले होते.

"इथं भाग द्यायचा नाही," सर म्हणाले.

"का नाही? मॅग्नेशियम ऑक्साइडला तुम्हीच द्यायला लावला होता, Mg₂O₂ चं MgO."

"तिथं रेणू नसतात, फक्त प्रमाण लिहितो आपण. इथं एका रेणूतले अणू मोजतो."

"मला तर दोन्ही सारखेच दिसतात, सर."

सरांनी पडद्याकडे पाहिले. पडद्यावरचा रेणू नुसताच गोल फिरत होता. मग त्यांची नजर दाराकडे गेली. "मामा, ती पेटी जरा द्या."

घाईने दोरी सोडली. एका लालला एक पांढरा जोडून तिने हात उंचावला. "झालं. HO."

"नीट बघ," सर म्हणाले. "काही राहिलंय?"

तिने गोळा फिरवला. लालचे एक भोक उघडे होते. पांढऱ्याची जागा भरलेली होती.  मग तिने त्या भोकात काडी खोचून दुसरा लाल बसवला आणि त्याच्या उरलेल्या भोकात जाड्या. दोन लाल, दोन पांढरे. आता एकही भोक उघडे नव्हते.

"म्हणजे भाग दिला तर हा मोडतो," ती हळूच म्हणाली आणि फळ्यावरचे HO तिने तळहाताने पुसले.

मामा दारात पोते धरून उभे होते. "सर, नेऊ का मग?"

सरांच्या आधी घाईच बोलली. "नाही, मामा. आमचं अजून मोजून झालेलं नाही."

मुख्याध्यापकांना सरांनी काय सांगितले ते मला ठाऊक नाही. पण मी आता कपाटावर नाही, टेबलावर असते. मित्रांनो, मला पुसा, माझी बिजागरी बसवा, माझे गोळे खिशात घालू नका. आणि कुणालाही सोयीसाठी छाटायच्या आधी त्याचे काय उघडे पडेल, ते हातात घेऊन बघा. मी आहे तेवढीच लिहिली जाईन. त्याहून कमी नाही.