मांडवातल्या माळ्याची शिडी

मित्रांनो, माझा एक दांडा जरा वाकडा आहे, त्याला हसू नका. मी एक जुनी लाकडी शिडी आहे. महाडच्या जुन्या पेठेत एक कौलारू नाट्यगृह आहे, तिथे माझा सगळा जन्म गेला. पाटीवर त्याचे नाव मोठे भारदस्त आहे, पण सगळे त्याला मालोजीअण्णांचा मांडवच म्हणतात.

नाते गावच्या चांगू सुताराने मला ऐनाच्या लाकडातून घडवले. वाकडा दांडा बघून अण्णा कुरकुरले, तेव्हा चांगू म्हणाला, "अण्णा, वाकडी हाय, पण पाडायची नाय कुणाला." त्याचा शब्द मी आजवर राखला आहे.

पडदे बांधायला, दिवे टांगायला माणसे माझ्यावर चढत, ते वेगळे. माझे खरे काम छताखालच्या माळ्यावर चढवण्याचे. आसपासच्या गावांतली निम्मी माणसे मुंबईला कामाला. ती गणपतीला यायची, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाबी गाण्यांचे सामने गाजवायची आणि परतीची एस.टी. धरण्याआधी आपली ढोलकी, टाळ, घुंगरू आमच्या माळ्यावर ठेवून जायची. गावातले घर बंद, आणि बंद घरात ढोलकीचे कातडे सादळते, उंदीर कुरतडतात. आमच्या माळ्याखाली मात्र चहाची चूल होती. तिचा धूर वर जाई आणि ढोलक्या वर्षभर ठणठणीत राहत. "अण्णा, ठेवली हां," एवढे म्हटले की झाले. मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसे जमत, तेव्हा गायनपार्ट्यांच्या बाजाच्या पेट्याही मुक्कामाला वर जात. शक्तीवाले आणि तुरेवाले खाली रंगमंचावर एकमेकांची सालटी काढत, पण त्यांच्या ढोलक्या वर शेजारी शेजारी निजत. मला त्याचे फार हसू येई.

त्यात तुडीलच्या कुशाबाची ढोलकी माझी लाडकी. बाकीचे धाडधाड चढत. कुशाबा आधी माझ्या खालच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावी आणि मग पाऊल टाकी. मला अगदी लाजल्यासारखे होई. वर्षभर मी त्याच पावलांची वाट बघत असे.

मग तो मोठा पूर आला आणि सावित्री पेठेत शिरली. अण्णा तेव्हा हयात नव्हते, त्यांची सून सरिता मांडव चालवत होती. माळा वाद्यांनी भरलेला. घरातले सामान वर न्यायचे तर ढोलक्या खाली काढायला हव्या होत्या. तिने एकही काढली नाही. मला दोरीने खांबाला बांधले आणि ती माणसांबरोबर उंचावर निघून गेली. पाण्याने माळ्याला नुसता हात लावला आणि ते मागे फिरले. सरिताचे शिलाई मशीन, भांडीकुंडी, अंथरुणे, सगळे चिखलात गेले. ढोलक्या तेवढ्या कोरड्या राहिल्या.

मांडव बंद पडला. मंडळे आपापली वाद्ये घेऊन गेली. "मांडव उभा ऱ्हायला की परत आनीन गो," असे कुशाबा सरिताला सांगून गेला. मी परसात पडून राहिले. माझ्यावर कोंबड्या बसत. असून अडचण, नसून खोळंबा, अशी माझी गत झाली. तरी कुशाबाचे ते बोलणे मी धरून होते.

मग एके दिवशी पेठेचे रूप पालटायचे ठरले. रस्त्यावर फरशी आली, दिव्यांचे सुबक खांब आले, दुकानांना एकसारख्या पाट्या लागल्या. मांडवाच्या दुरुस्तीला पुण्याहून यशराज नावाचा तरुण वास्तुरचनाकार आला. माणूस मनाचा चांगला. तो म्हणाला, "सरिताताई, हा माळा काढला तर छताचं जुनं आढं मोकळं दिसेल. लोक बघत राहतील." मांडवाकडे कोणी बघून किती काळ लोटला होता! सरिता हो म्हणाली. माळा गेला, चूल गेली. मला पाहून तर यशराज हरखलाच. त्याने मला चकचकीत पॉलिश केले, भिंतीवर आडवी टांगली आणि अंगाखांद्यावर इवले इवले दिवे लावले.

खोटे कशाला बोलू? चार दिवस मला फार बरे वाटले. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. पण शिडीला पाऊल लागत नसेल, तर त्या कौतुकाला काय चाटायचे आहे?

गणपती झाले आणि कुशाबा आला! थकला होता. काखेत खोळीतली ढोलकी. दारात चपला काढून त्याने वर पाहिले.

"सरिते, वरचा माला कुठं हाय गो?"

सरिता गोंधळली. "काढला काका. पण इथं काचेचं कपाट केलंय. त्यात ठेवा ना, सगळ्यांना दिसेल."

"दिसाया नाय ठेवायची गो," कुशाबा म्हणाला. "निजवायची हाय."

मग तो माझ्याजवळ आला. सवयीने हात वर केला, पण तो माझ्यापर्यंत पोचेना. "तुला पन टांगली व्हय," एवढेच पुटपुटला आणि ढोलकी घेऊन एस.टी.कडे चालू लागला. खिळ्यावरून उडी मारता आली असती, तर मी त्याच्यामागे गेले असते.

सरिता रंगमंचाच्या कडेला बसली. मग तिने यशराजला फोन लावला. "मला माळा परत हवाय."

"ताई, आढं झाकलं जाईल."

"जाऊ दे. बघायला येणारे बघून जातात. ठेवून जाणारे परत येतात."

यशराज म्हणाला, "म्हणजे खाली चूलही लागेल, नाही का?"

माळा झाला, चूल पेटली आणि मला खाली उतरवले. पण पॉलिशमुळे माझ्यावर पाय घसरायला लागले. सरिताने काचेच्या तुकड्याने माझी एकेक पायरी खरवडली. चमक गेली आणि माझ्या जिवात जीव आला.

आता नाते गावच्या मंडळाचे टाळ वर आहेत. एका गायनपार्टीची पेटीही येऊन निजली आहे. चुलीच्या बरोबर वरची उबेची जागा मात्र सरिता कोणाला देत नाही. तिने कुशाबाला मुंबईला निरोप धाडला आहे. "बघू गो," असे उत्तर आले आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण त्यांना खिळ्याला टांगून जपू नका. त्यांचे काम त्यांच्याकडे राहू द्या. आणि गणपतीत कधी तुडीलला गेलात, तर कुशाबाला एवढे सांगा, की माळा परत आला आहे आणि शिडी उभी आहे.