देवदत्ताचं स्वीडन

अकरा महिने गोथेनबर्गला काढून देवदत्त अमेरिकेत, कॅरीला परतला, तो अख्खं स्वीडन डोक्यावर घेऊनच. कुणाच्या घरी पाऊल टाकलं की सुरू, "तिकडे ना, माणसं साधी राहतात!" आणि हे सांगणारा सात सीटच्या गाडीतून एकटा उतरलेला.

आज गिरीश-सरलाकडे पॉटलक होतं, ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचा. टीव्हीवर फोटो लावून स्वारी उभी. "लाइफ बॅलन्स्ड आहे यार तिकडे. चारला लॅपटॉप बंद. कॉफी, दालचिनीचा बन, गप्पा..."

गप्पा म्हणे! कोपऱ्यात ताट धरून बसलेल्या त्याच्या बायकोच्या, शैलजाच्या, कपाळाला आठी पडली. तिच्या वाट्याला आली होती ती तळघरातली धुण्याची खोली. साऱ्या इमारतीला एकच. मंगळवारी सकाळी सात ते दहा हा तिचा वेळ. डिसेंबरात आठ वाजले तरी बाहेर मिट्ट काळोख. मशीन घरघरे आणि ती जात्यावरच्या चालीत ओव्या रचत बसे; ऐकायला भिंती. एकदा पाच मिनिटं उशीर झाला, तर दारावर शेजाऱ्यांची चिठ्ठी. वळणदार अक्षर, शेवटी हसरा चेहरा, आणि मधे पोटभर अपमान. त्या खोलीचा जिना देवदत्त एकदाही उतरला नव्हता.

"आणि न्यूज आहे," देवदत्त म्हणाला, "तीन वर्षांची ऑफर आलीये. सोमवारी हो म्हणतोय. आम्ही चाललो!"

टाळ्या पडल्या. स्वीडनपायी सोडलेली लॅबमधली नोकरी शैलजाला मागच्याच महिन्यात परत मिळाली होती. आणि ह्याने तिला साधं विचारलंही नव्हतं.

"लकी गं बाई!" सरला म्हणाली. "तिकडच्यावर एखादी ओवी म्हण ना."

"म्हण, म्हण," देवदत्त हसला. "रिकामा वेळ भरपूर होता तिला."

शैलजाने ताट खाली ठेवलं आणि सूर लावला.

"मशीन गं घरघरे, सोबतीला भिंत बाई
सकाळी आठ वाजता उजेडाचा पत्ता नाही.

कंथ माझा बन खाई, साखर नि दालचिनी
साध्या राहणीचे त्याच्या कपडे धुतले कोणी?

जा रे राजा तीन वर्षं, जा रे खुशाल एकला
लॅबचा पांढरा कोट मी आत्ताच तर घातला."

गिरीशची मुलगी रुही ओरडली, "ओ माय गॉड काकू, सॅव्हेज!" आणि हसू फुटलं.

गाडीत देवदत्त फुरंगटला. "चारचौघांत बोलायची काय गरज होती?"

"मला तरी चारचौघांतच कळलं."

"अगं, पण तिकडे मी एकटा कसा राहू?"

"कसा म्हणजे? मी राहिले तसा."

सोमवारी त्याने ऑफिसला नकार कळवला. कारण लिहिलं, कौटुंबिक अडचण. अडचण तेव्हा गाडीतला रेडिओ मोठा करून कामावर निघाली होती.