पंपघराचा फोन

विद्युल्लता बनारसच्या पाणीपुरवठ्यात इंजिनियर होती. अठ्ठ्याण्णव साली पंपघरात कॉम्प्युटर बसला. पंप चालवणं, पाण्यात क्लोरीन सोडणं, सगळं आता त्याच्याकडे. बिघाड झाला तर कंपनीचा माणूस लखनौहून फोनच्या तारेवरून आत शिरून दुरुस्त करणार. सोमवारी उद्घाटन होतं. त्याआधी 'यंत्रणा सुरक्षित आहे' असं तिने लिहून द्यायचं होतं.

तिची सही होईना. त्या फोनचा नंबर पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहिलेला तिने पाहिला होता.

रविवारी सकाळी दुर्गाघाटच्या घरी, नवऱ्याच्या, देवव्रतच्या कॉम्प्युटरवरून तिने तो नंबर लावला. मोडेम किंचाळला. पासवर्ड मागितला गेला. तिने कंपनीचंच नाव घातलं, आणि आत गेली.

क्लोरीनचा आकडा पडद्यावर लुकलुकत होता. एक बटण दाबलं की वाढणार. खाली सासूबाई नळावर कळशी भरत होत्या. विद्युल्लताने हात झटकन मागे घेतला आणि फोनची वायरच उपटली.

"काय झालं गं?" देवव्रतने विचारलं.

"काही झालं नाही. कुणी अडवलंच नाही मला."

ती तडक ब्रह्माघाटला विश्वेश्वरकाकांकडे गेली. ऑफिसात ते तिचे साहेब, तिथे सगळं बोलणं हिंदीत. घरी मात्र मराठी.

"घरून उघडलंस?" ते ओरडले. "नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ दे. पण मला जमलं ते कुणालाही जमेल, काका."

"पण असलं कोण कशाला करेल?"

"ठाऊक नाही. म्हणून वाट बघायची का?"

 काका चपला घालून निघाले. गल्ल्यांतून धापा टाकत सडकेपर्यंत, तिथून रिक्षाने पंपघर. फोनची तार त्यांनी स्वतः काढली. क्लोरीनचा व्हॉल्व्ह पुन्हा माणसाच्या हाती दिला.

सोमवारी फीत कापली गेली. कॉम्प्युटर नुसते आकडे दाखवत राहिला. तार का काढली ते कळल्यावर कंपनीने तक्रार केली आणि आठवड्याभरात विद्युल्लताला नोटीस आली, परवानगीशिवाय यंत्रणेत शिरल्याबद्दल. खाली काकांची सही.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "सही करावीच लागली, बेटा. पण तार जोडू दिली नाही मी."

तिला राग आला होता, पण डोक्यात दुसरंच घोळत होतं.

"काका, हेच यंत्र मिर्झापूरलाही बसतंय ना?"

"हो. का?"

"तिथे इंजिनियर कोण आहे?"