रुमालाखालचा भाव

लातूरच्या मोंढ्यात रामलिंगअप्पांनी जन्मभर तुरीची अडत केली. पोरगा गादीवर बसला तेव्हा अप्पांना गाण्याच्या जुन्या रेकॉर्डी घेऊन शौकिनांना विकायचा नाद लागला. पारख मात्र मोंढ्याचीच राहिली. रेकॉर्ड उन्हात तिरपी धरायची, ओरखड्यावरून नख फिरवायचं, आणि नख अडकलं की माल दोन नंबर, मग गिऱ्हाईक कितीही गोड बोलो.

नांदेडचा सुगत सनईची एक रेकॉर्ड घ्यायला आला. ती अस्सल एक नंबर होती. अप्पांनी खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला आणि बोटं पुढे केली. मोंढ्यात पूर्वी भाव असाच ठरायचा, चारचौघांना कळू नये म्हणून. इथे एक बोट दाबलं की एक हजार.

सुगतने त्यांचा अख्खा पंजाच धरला आणि दाबून ठेवला.

अप्पांनी मनात दोन हजार धरले होते. "सौदा पक्का," ते घाईघाईने म्हणाले.

"कसला सौदा, अप्पा? रेकॉर्ड देताना तुमचं मन जड झालं असंल, म्हणून मी हात धरला."

अप्पांना नाइलाजाने सगळी रीत समजावून सांगावी लागली. सुगतने ती मन लावून ऐकली. मग स्वतःच रुमाल पुन्हा हातांवर पसरला आणि अप्पांचं एकच बोट हळूच दाबलं.

"आता झालं बघा मन जड," अप्पा म्हणाले.