बंदुकीचा वाकडा घोडा

सोलापुरात शुक्रवार पेठेत संगप्पा मिस्त्रीच्या दुकानात ठासणीच्या बंदुका दुरुस्तीला येत. नळीत दारू ओतायची, चिंधी घालायची, वरून गोळी सोडायची आणि गजानं ठासायचं, अशा त्या जुन्या बंदुका. भिंतीवर चौकटीत सरकारी परवाना आणि त्याखाली फटकळ तोंडाचा संगप्पा. नळीत गंज दिसला की गिऱ्हाइकाची खरडपट्टी ठरलेलीच. "बंदूक हाय का चुलीची फुंकणी?" असं तो भल्याभल्या पाटलांना विचारी. पाटील निमूट ऐकून घेत, कारण त्याच्या हातचं काम पुन्हा बिघडत नसे.

एकच बंदूक अशी होती की जिच्यापुढं त्याचं तोंड बंद व्हायचं. मंगळवेढ्याकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या मायाप्पा धनगराची ती चकमकीची बंदूक. टोपीच्या बंदुकीला बार पेटवणाऱ्या टोप्या विकत आणाव्या लागतात, गारगोट्या काय माळावर पडलेल्याच, म्हणून मायाप्पानं मुद्दाम चकमकीची करून घेतली होती. ती केली होती संगप्पाच्या एकुलत्या एका पोरानं, शिवयोगीनं. बापाचा हात न लागता त्यानं पुरी केलेली ती पहिली बंदूक. दुसरी करायला तो उरलाच नाही. मानमोडीच्या तापाच्या साथीत एका सकाळी अंग दुखतंय म्हणून पडला तो पुन्हा उठला नाही.

त्या बंदुकीत एक खोड होती. चाप ओढला की जो लोखंडी घोडा खाली येऊन आपटतो, तो शिवयोगीनं जरा डावीकडं कललेला बसवला होता. घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते. ती पोलादी पट्टीवर घासली की ठिणग्या खालच्या कानात, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या वाटीत, पडतात, कानातली बारीक दारू पेटते आणि तिची आग नळीत शिरते. हा घोडा कललेला, म्हणून गारगोटी एका कोपऱ्यानं लागे आणि ठिणग्या कानाबाहेर सांडत. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर संगप्पानं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या आणि घोडा तापवून दोन ठोक्यांत सरळ केला असता. एकदा त्यानं त्यासाठी सांडशी हातात घेतलीही होती. तेव्हा त्याची बायको चंद्रव्वा दारातून म्हणाली, "राहू द्या की. त्येच्या हातचं तेवडंच हाय आपल्याला." सांडशी खाली गेली ती गेलीच.

मग त्यानं पळवाट काढली. घोडा वाकडा, तर गारगोटीच त्याला जुळेल अशी तिरपी घडवायची. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते, त्याआधी दरवर्षी मायाप्पा बंदूक साफ करायला घेऊन येई, आणि संगप्पा वर्षाला पुरतील अशा तिरप्या धारेच्या गारगोट्या चिंधीत बांधून देई. "ह्याच घालायच्या. दुसरी घातलीस तर माझ्या दारात येऊ नगंस," असं बजावी. का, ते मात्र कधी सांगत नसे. बंदूक आली की चंद्रव्वा हात धुऊन बाहेर येई आणि घोड्यावरून हळूच बोट फिरवी. मग मायाप्पाच्या पोराच्या, येडूच्या, हातावर गूळ-शेंगा ठेवी. येडू लहान असल्यापासून बंदूक खांद्यावर मिरवत बापाबरोबर यायचा. आता त्याला मिशा फुटल्या होत्या, लग्न ठरलं होतं, तरी गूळ-शेंगा काही चुकल्या नव्हत्या.

त्या वर्षी वैशाखात सोलापुरात लष्करी कायदा लागला. रस्त्यारस्त्यांवर गोरे सोल्जर उभे. अशा दिवसांत बंदुकांचं दुकान कोण उघडं ठेवू देणार? संगप्पाच्या दाराला सरकारी कुलूप पडलं आणि तो बायकोला घेऊन अक्कलकोटकडं मेव्हण्याच्या घरी जाऊन राहिला. पाऊसकाळात कुलूप निघालं. भादवा सरता सरता संगप्पानं नेहमीसारख्या तिरप्या गारगोट्या घडवून, चिंधीत बांधून फळीवर ठेवल्या.

नवरात्र बसलं आणि मायाप्पा आला. एकटाच. बंदूक त्याच्याच खांद्यावर होती.

"येडू कुटं हाय?" चंद्रव्वानं विचारलं. तिच्या मुठीत शेंगा तयार होत्या.

मायाप्पा पायरीवर बसला.

"गेला, आक्का," तो म्हणाला. "जेठात पिसाळल्याला लांडगा आला. दिवसाढवळ्या मेंढरांत शिरला. म्या बंदूक धरली, चाप वढला. ठिनगी पडली, पर बार न्हाय उडाला. पुन्ना वढला. पुन्ना तसंच. तवर येडू काठी घिऊन मदी पडला. मांडीला चावा लागला येवडाच. जखम भरली बी. आमी म्हनलं, बिरोबानं राखलं. मंग एक दिस त्येच्या आयनं, केराबाईनं, त्येच्या म्होरं पान्याचा तांब्या धरला, आन् पोरगं तांब्याकडं बघून वरडाय लागलं."

"शिव शिव," चंद्रव्वा म्हणाली.

संगप्पानं बंदूक मांडीवर घेतली. घोड्याच्या जबड्यात सरळ धारेची गारगोटी होती.

"ही कुणी घातली?"

"म्याच. औंदा लांडग्यांचा लई तरास, तुमच्या दिल्याल्या लवकर संपल्या हुत्या. न्यायला आलो हुतो की वो, पर तुमच्या दाराला कुलूप. मंग माळावरची घातली."

संगप्पा गप्प राहिला असता तर मायाप्पा जन्मभर स्वतःच्या हाताला दोष देत बसला असता. आणि बोलायचं तर काय बोलायचं? माझ्या मेलेल्या पोराची चूक मी जपली आणि तुझं जितं पोर गेलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"मायाप्पा," शेवटी तो म्हणाला, "गारगोटी न्हाय चुकली. घोडाच वाकडा हाय. पयल्यापासनं. मला ठावं हुतं."

"मला बी ठावं हुतं," मायाप्पा म्हणाला.

संगप्पानं मान वर केली.

"करकंबच्या बाजारात एका लोहारानं बघितला हुता. म्हनला, दोन ठोक्याचं काम हाय, आन हिकडं. म्या न्हाय दिला. म्हनलं, बापानं तसाच ठिवलाय, तर त्येच्या पोराचा हात आपुन कशाला पुसायचा? आक्का दर साली बोट फिरवती, बघत हुतो की मी." त्यानं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. "लई वर्सं चाललं तसं. आता सरळ करा, मिस्त्री. केराबाई तिकडं मेंढरांपाशी एकलीच बसलीया."

संगप्पानं चंद्रव्वाकडं पाहिलं. ती पुढं झाली. शेंगा तिनं पायरीवर मायाप्पाजवळ ठेवल्या, शेवटचं एकदा घोड्यावरून बोट फिरवलं आणि भात्यापाशी जाऊन बसली.

संगप्पानं घोडा सोडवला. भाता हलू लागला. लोखंड लाल झालं, तसं त्यानं ते सांडशीत धरून ऐरणीवर ठेवलं. हातोडी उचलली आणि तशीच धरून राहिला. भात्यापाशी चंद्रव्वानं मान फिरवली. मग त्यानं ठोका घातला. दुसराही घातला. करकंबचा लोहार म्हणाला होता तेवढंच काम होतं.

पाण्यात बुडवताच घोडा निवला. त्यानं तो जागच्या जागी बसवला आणि जबड्यात मायाप्पाचीच सरळ गारगोटी आवळली. फळीवरच्या चिंधीकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. नळीत गज घालून ती रिकामी असल्याची खात्री केली, फक्त कानात चिमूटभर दारू टाकली आणि बंदूक मायाप्पाच्या हातात दिली.

मायाप्पानं चाप ओढला. ठिणग्यांचा झुबका सरळ कानात पडला आणि भस्सकन जाळ उठला. पहिल्याच खेपेला.

मायाप्पा त्या धुराकडं बघत राहिला. धूर आढ्याला जाऊन विरला तरी त्याची नजर खाली येईना.

"पेटली," तो म्हणाला. मग बंदूक मांडीवर घेऊन म्हातारा ओक्साबोक्शी रडायला लागला. शिवयोगी गेला तेव्हा ज्याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, तो संगप्पा त्याच्या शेजारी पायरीवर बसला, आणि त्यालाही हुंदका आवरला नाही.

"येवडंच पायजे हुतं की वो, मिस्त्री," मायाप्पा म्हणत होता. "येकदा. निस्तं येकदा."