वहीत न आलेली चार वर्षं

कृपादान मास्तर माझा धाकटा दीर. पण परवा रविवारी देवळात तो जसा वागला, तसं सवतीचं पोरही वागणार नाही. माझ्या मालकांना जाऊन महिना झाला म्हणून आमच्या ख्रिस्ती मंडळीनं स्मरणाची भक्ती ठेवली होती. आमच्यात अशा वेळी गेलेल्या माणसाची हकिकत वाचतात आणि वाचलेलं मंडळीच्या वहीत उतरवतात. वहीत आलं तेवढंच खरं. नातवंडांची नातवंडं तेच वाचणार.

हकिकत कृपादाननं लिहिली होती. मला अक्षरं येतात, पण ती जोडेपर्यंत दिवस मावळतो. म्हणून म्हटलं, तूच लिही बाबा.

पुढच्या बाकावर तालुक्याचे मार्तंडराव बसले होते, खादीचं उपरणं घेऊन. स्वराज्य येऊन तीन महिने झालेले आणि कृपादानची बोर्डाच्या शाळेतली नेमणूक त्यांच्या शब्दावर. कृपादानची नजर कागदावर कमी, त्या बाकावर जास्त.

जन्म वाचला, बाप्तिस्मा वाचला, लग्न वाचलं. मग म्हणाला, "सन सतरा ते एकवीस या काळात इसहाकराव परगावी सेवाकार्यात होते."

मी उभी राहिले. "थांब. कुठलं परगाव?"

"वैनी, खाली बसा. भक्ती चाललीय."

"काय चाललंय ते कळतंय मला. बसरा म्हन. पलटन म्हन. जीभ भाजती का?"

शेजारी बसलेली माझी लेक मार्था पदर ओढायला लागली. मी तिचा हात झटकला.

"दिवस बदललेत," तो हळूच म्हणाला. "इंग्रजाची चाकरी आता कशाला उगाळायची?"

"केली इंग्रजाची चाकरी, व्हय. गावानं कुठली पलटन उभी केली हुती तुज्या दादासाठी?"

मग मी साऱ्या मंडळीला ऐकवलं. बसऱ्याच्या वाळूत खेचरांवर पाणी लादून मालक खंदकापर्यंत न्यायचे. खेचर मेलं की पखाल स्वतःच्या पाठीवर. डावा कान तिथंच गेला. लढाई संपली, पलटण मोडली, इंग्रजानं हातात कागद देऊन घरी धाडलं. गावात आले, तर चावडीपुढं बूट काढ म्हणाले. आमच्या बापजाद्यांनी तिथनं अनवाणीच जायचं. बाप्तिस्म्यानंही ते सुटलं नव्हतं. मालक तसेच बूट आपटत गेले. कपाळाला दगड बसला. दुसऱ्या दिवशी बुटांना तेल लावून पुन्हा गेले. आठव्या दिवशी दगड मारणारेच कंटाळले.

"आन त्यांच्या मागनं कोन चालायचं, सांगू? तू. दादाचा खाकी कोट आखूड करून घातलेला. त्याच वाटेनं शाळेला गेलास."

मार्तंडरावच उपरणं सावरत म्हणाले, "मास्तर, लिहा की पलटणीचं. आमची काही हरकत नाही."

कृपादानचा चेहरा उजळला. घाईघाईनं वही ओढत म्हणाला, "मार्तंडरावांची परवानगी आहे, तर लिहितो वैनी."

तिथं माझं डोकं फिरलं. तरातरा पुढं गेले, त्याच्या हातातला टाक काढून घेतला आणि मार्थाला दिला.

"परवानगी? तुजा दादा आठ दिस दगड खात चालला, त्यानं कुनाची मागितली हुती? तू शिकलास लई, कृपादान, पन त्याचं नाव लिहायची तुजी लायकी न्हाई. सरक तिकडं. लेक लिहील."