दुसरी साक्ष

कोंडूनं अंबूबाईच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"परत सांग, आज्जे. हवालदार आला, त्यानं इचारलं, कोंडू कोन? मग?"

"असा कोनी हितं ऱ्हात न्हाई," अंबूबाई ठणठणीत आवाजात म्हणाली.

कोंडूनं कपाळावर हात मारला. सकाळपासूनची ही सातवी खेप होती.

"न्हाई गं आज्जे! कोंडू जित्ता हाय. लय गुनाचा हाय. येवढंच सांगायचं."

"तसा तर तू हायेसच," म्हातारी म्हणाली. "पन त्याला कशापायी सांगायचं?"

म्हातारीवर चिडण्यात अर्थ नव्हता. कुरवंडे गावाच्या वरच्या अंगाची ती अकरा घरांची वाडी, आणि सरकारच्या माणसाला द्यायचं उत्तर तिथं पिढ्यान्‌पिढ्या एकच होतं. जंगलखात्याचा गार्ड येवो, दारूबंदीचा पोलीस येवो, नाहीतर पोरांची गणती करायला मास्तर येवो. कोणाचंही नाव निघालं की असा कोणी इथं राहत नाही. श्रावणात चौकीवरून काकडे हवालदार कोंडूची चौकशी करायला आला, तेव्हाही वाडी एकजुटीनं उभी राहिली. त्यात कोंडूची आई बायडाबाई सगळ्यांच्या वरताण निघाली. पोलीस लेकाच्या मागावर आलाय म्हटल्यावर तिनं डोळ्याला पदर लावला आणि सांगितलं, "त्यो मेला वं सायब, दोन वर्सं झाली." हवालदारानं टोपी काढली, हळहळला, तांब्याभर पाणी प्यायला आणि कागदावर लिहून गेला: मयत.

तो कागद मुंबईला गेला. तिथं कस्टममध्ये शिपायाच्या जागेवर कोंडूचं नाव लागलं होतं. मॅट्रिक झालेला वाडीतला तो पहिलाच. याआधी दोनदा हात हलवत परतला होता. एकदा छाती अर्ध्या इंचानं कमी भरली, एकदा पत्र पोचलं तेव्हा तारीखच उलटून गेली होती. तिसऱ्या खेपेला मात्र वाळूवर तो असा पळाला, की शिट्टी मारणारा साहेबही बघत राहिला. लहानपणापासून नागफणीच्या कड्यावर उभं राहून त्यानं खालचं कोकण पाहिलं होतं, आणि त्या धुरकट रेषेपलीकडं समुद्र असणार असं मनाशी धरलं होतं. आता त्याच समुद्रावर सरकारी लाँचमधून, चोरटं सोनं आणणाऱ्या बोटींच्या मागं जायचं होतं. लोणावळ्याच्या बंगल्यात पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी तापवता तापवता तो त्या लाँचवर किती वेळा चढला-उतरला, ते त्यालाच ठाऊक.

माघ उजाडला तरी बोलावणं येईना, म्हणून तो मुंबई गाठून चौकशीला गेला. कारकुनानं फाइल उघडली आणि त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"सोमवारपर्यंत पोलिसांचा नवा रिपोर्ट आणा. नाहीतर पुढचं नाव घेणार. आणि पुढच्या वर्षी तुम्ही वयात बसत नाही."

आज शनिवार होता. काल चौकीत कोंडूनं काकडे हवालदाराचे पाय धरले, अगदी खरोखरीचे. हवालदार येतो म्हणाला. पण वाडीतले दोन पुरुष साक्षीला हवेत, वयानं मोठे, घरातले नकोत. बायकांचे अंगठे वरचे साहेब परत पाठवतात. वाडीतले गडी तर ठेकेदाराबरोबर लाकूडतोडीला गेलेले. उरले दोघेच, हौशीराम आणि कोंडाजी. कोंडूनं त्यांना धुतलेले सदरे घालायला लावून सकाळीच फणसाखाली आणून बसवलं होतं.

दहाच्या सुमाराला वळणावर खाकी टोपी दिसली. हौशीराम उठून उभा राहिला. कोंडाजीही उठला, आणि कोणाला कळायच्या आत करवंदीच्या जाळीतून रानात पसार झाला. त्यात त्याचा तरी काय दोष? डोकं पढवलं होतं. पाय कोण पढवणार?

हवालदार घोंगडीवर टेकला आणि बायडाबाईकडं बघून म्हणाला, "काय मावशी? मागच्या खेपेला मी ह्याच्यासाठी हळहळून गेलो होतो."

"चुकी झाली सायब. मला वाटलं, पोराला धरून न्याया आलाय."

"आणि आता?"

"आता त्योच मानसं धराया जानार हाय म्हनं," ती म्हणाली. हे चांगलं का वाईट, ते तिचं अजून ठरलेलं दिसत नव्हतं.

हौशीरामनं अंगठा दिला. हवालदारानं कागदावर फुंकर घातली.

"दुसरा?"

कोंडू जाळीपर्यंत धावत गेला. कोंडाजीच्या नावानं त्यानं रान डोक्यावर घेतलं, हात ओरबाडून घेतले आणि एकटाच परत आला.

"येतील साहेब. पाचच मिनिटं."

"पाच-पाच करत तास झाला, बाबा. उद्या मी बंदोबस्तावर. मी परत चढून येणार नाही."

तो रागानं बोलत नव्हता, आणि कोंडूला त्याचीच जास्त भीती वाटली. रागावलेल्या माणसाचे पाय धरता येतात.

तेवढ्यात घरांच्या मागून, डोकं ओलं करून नीट भांग पाडलेला कान्हूआबा पुढं आला.

"कोंडाजी भेटला रानात," तो म्हणाला. "म्हटलं, पोराचं अडलंय. मी हाय की दुसरा."

हौशीरामनं मान खाली घातली. दिवाळीपासून कान्हू घरी झोपला नव्हता. ओढ्याकाठची त्याची मोहाच्या दारूची भट्टी सापडली होती, तो सापडला नव्हता; आणि त्याच्या नावाचं वॉरंट हवालदाराच्या पिशवीत आहे, हे वाडीतलं शेंबडं पोरही जाणून होतं. कोंडूचा बाप गेला तेव्हा कोंडू पाच वर्षांचा. पावसाळ्यात ओढा फुगला की हाच कान्हू त्याला खांद्यावर बसवून पलीकडं शाळेच्या वाटेला लावायचा आणि संध्याकाळी तिथंच भिजत उभा असायचा. कस्टमच्या यादीत नाव लागलं तेव्हा, "आमच्यासारक्यांना धरायची नोकरी का रं?" म्हणून तो पोट धरधरून हसला, आणि भट्टीसाठी ठेवलेला गूळ त्यानं वाडीभर वाटला.

हवालदारानं पेन उघडलं. "नाव?"

कान्हूनं तोंड उघडलं. खोटं नाव सांगितलं तर पोराचा कागद नासेल, म्हणून खरंच सांगायचं, हे तो येतानाच ठरवून आला होता. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

"थांबा," हवालदार म्हणाला. त्यानं कान्हूकडं पाहिलं, मग कोंडूकडं. "तू सांग. उद्याचा कायद्याचा माणूस तू. हा कोण?"

कोंडूचा हात आपोआप खिशावर गेला. यादीत नाव लागल्याचं मुंबईचं पत्र आत होतं. खरं नाव सांगितलं की कागदावर अंगठा उमटणार आणि त्याच हाताला बेडी पडणार. खोटं नाव चालणार नव्हतं. हवालदार काही आंधळा नव्हता. पेनाचं टोक कागदावर टेकलेलं होतं. कान्हू त्याच्याकडं बघून हळूच मान हलवत होता, सांग, सांग म्हणून. कोंडूला वाटलं, आपल्याला आता सगळ्यांदेखत रडू फुटणार.

"म्या न्हाई वळखत," तो म्हणाला.

"काय?"

"असा कोनी हितं ऱ्हात न्हाई, सायब."

"कोंड्या, लेका..." कान्हू पुढं सरकला. पण बायडाबाई मध्ये आली आणि तिनं पाण्याचा तांब्या त्याच्या हातात कोंबला.

"पानी प्या, पावनं. वाट चुकला जनू तुमी."

हवालदारानं पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे दुसरी साक्ष नाही."

"न्हाई."

"सोमवार परवावर आलाय, कोंडू."

"व्हय."

हवालदारानं कागदाची घडी घालून पिशवीत टाकली आणि तो उठला. "पाहुणे," तो कान्हूकडं न बघता म्हणाला, "आल्या वाटेनं निघा. मला ह्या वाटेनं जायचंय." आणि तो उतरणीला लागला.

कोणी हललं नाही. सकाळपासून आपली पाळी कधी येते म्हणून उंबऱ्यात ताटकळलेल्या अंबूबाईनं मात्र पाहिलं, की सरकार तिला न विचारताच चाललंय. ती काठी टेकत अंगणात आली.

"अवं सायब!" ती ओरडली. "कोंडू जित्ता हाय! लय गुनाचा हाय!"

वळणावर टोपी जरा थांबली आणि दिसेनाशी झाली.

कोंडूनं सकाळी काढून घेतलेलं सूप उचललं, झटकलं आणि म्हातारीच्या हातात परत दिलं.

"बरूबर सांगितलंस, आज्जे," तो म्हणाला.